नाशिकच्या गच्चीवर स्वीट विल्यम: बी कुठलं घ्यावं आणि कधी टाकावं

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या लेकीने इंग्लंडहून स्वीट विल्यम या फुलझाडाच्या बियांचं पाकीट आणून दिलं. पाकिटावर मे ते जुलै पेरा असं छापलेलं होतं, म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी जूनमध्ये गच्चीवरच्या कुंडीत बी टाकलं. आठवड्याभरात ते दाट उगवलं, आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत सगळी रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. दुसऱ्या वर्षी पाऊस टाळायचा म्हणून नोव्हेंबरच्या मध्यावर टाकलं. रोपं जगली, मार्चपर्यंत हिरवीगार राहिली, पण एकालाही कळी धरली नाही. एप्रिलमध्ये ती करपून गेली. आता त्या विचारतात: बी खराब आहे का? फुलांसाठी कुठलं खत कमी पडलं? आणि अर्धं पाकीट अजून शिल्लक आहे, त्याचं काय करू?

ताई, मी पुण्याजवळ गेली २६ वर्षं हिवाळी हंगामी फुलांची रोपं तयार करते. पिटुनिया, फ्लॉक्स, अँटिऱ्हिनम, पॅन्सी आणि त्यांच्याबरोबर दरवर्षी थोडं स्वीट विल्यम. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा माझीच जुनी वर्षं आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बी खराब नाही. दोन्ही वेळा ते उगवलं, याचा अर्थ त्यात जीव आहे. खतही कमी पडलेलं नाही; मार्चपर्यंत हिरवंगार राहिलेलं रोप उपाशी नसतं. तुमची दोन वर्षं दोन वेगवेगळ्या कारणांनी गेली. पहिल्या वर्षीचं कारण साधं आहे, त्याच्याकडे मी पुढे येते. दुसऱ्या वर्षीचं कारण नीट समजून घेतलंत तर पुढचं सगळं आपोआप जागेवर येईल.

तुम्ही नाशिकच्या आहात, म्हणून कांद्यावरून सांगते. कांद्याला डेंगळे आले की शेतकरी हळहळतो, कारण त्या रोपाची ताकद कांदा पोसण्याऐवजी फुलाचा दांडा काढण्यात जाते. डेंगळे कधी येतात? रोप चांगलं जाड झालेलं असताना त्याला सलग थंडी लागली की. अगदी लहान रोपाला तीच थंडी लागली तर त्याला काही होत नाही. त्याचं वय थंडी मोजण्याइतकं झालेलंच नसतं. कांदा मुळात दोन वर्षांचं झाड आहे: एका हंगामात साठवण करायची, थंडी खायची, मग फुलायचं. जुन्या जातीचं स्वीट विल्यम अगदी याच घराण्याच्या चालीने चालतं. नातं नाही, पण चाल तीच. इंग्लंडमध्ये जूनमध्ये पेरतात, शरद ऋतूपर्यंत त्याचा पानांचा चांगला झुपका होतो, मग सगळा हिवाळा ते थंडीत बसून राहतं आणि पुढच्या मे-जूनमध्ये फुलतं. पाकिटावरचं 'मे ते जुलै' हे त्या हिशेबातलं आहे. कांद्यात शेतकऱ्याला जे नको असतं, तेच आपल्याला इथे हवंय.

आता तुमचं नोव्हेंबरचं रोप बघा. नाशिकला खरी थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. त्या वेळी तुमचं रोप चार-सहा पानांचं, अंगठ्याएवढं. थंडी आली आणि गेली, त्याने ती मोजलीच नाही. फेब्रुवारीत ते मोठं झालं तेव्हा थंडी संपलेली. मग त्याने जे करायचं तेच केलं, पानं वाढवत राहिलं. त्यात आणखी एक अडचण आहे. या जुन्या जातींना थंडी लागते ती साधारण ५-७ अंशांच्या आसपासची, आणि तीही दोन-अडीच महिने. नाशिकच्या रात्री १० अंशांच्या खाली जातात, निफाडला तर त्याहून खाली; पण दुपारी तोच पारा २८ पर्यंत चढतो. रात्री कमावलेलं दुपारी बरंचसं खर्च होतं. म्हणून रोप वेळेवर मोठं असतं तरी या जातीने तुम्हाला फुलं दिली असती, असं मी खात्रीने म्हणणार नाही.

हे मला माझ्या चौथ्या का पाचव्या वर्षी कळलं. एका विक्रेत्याकडून मिश्र रंगाचं बी आणलं होतं, पाकिटावर जातीचं नाव नव्हतं. ४०० रोपं केली. इतकी सुरेख रोपं तोवर माझ्या हातून झाली नव्हती. गडद हिरवी, जाड पानांची. वीस सोडून सगळी विकली गेली. फेब्रुवारीत लोक विचारायला लागले की फुलं कधी. मार्चमध्ये मी निम्म्याहून जास्त लोकांचे पैसे परत केले. माझ्याकडे वीस रोपं उरली होती, ती उपटायला हात होईना, म्हणून ती आंब्याच्या सावलीत ठेवून उन्हाळा-पावसाळा जगवली. त्यातली अकरा वाचली, आणि दुसऱ्या हिवाळ्यात जानेवारीअखेर सहांना कळ्या आल्या. लवंगेसारखा वास, मध्ये पांढरा डोळा. त्या दिवशी समजलं की रोपात खोट नव्हती. दोन वर्षांचं झाड मी एका हंगामाचं समजून विकलं होतं.

म्हणून पहिला निर्णय बियाण्याचा. पाकिटावर 'बायेनियल' किंवा 'हार्डी बायेनियल' लिहिलं असेल तर ते थंडी मागणारं. 'ॲन्युअल' किंवा 'फर्स्ट इयर फ्लॉवरिंग' असेल तर ते थंडीशिवाय पहिल्याच हंगामात फुलणारं. आपल्याला दुसरं हवं. 'ॲमेझॉन', 'स्वीट' आणि 'डॅश' या मालिका अशा आहेत. 'ॲमेझॉन' उंच होते, गुडघ्याच्या वरपर्यंत, आणि कापून फुलदाणीत लावायला फार चांगली. 'डॅश' तिच्याहून बुटकी, कुंडीसाठी सोयीची. जुनी, अगदी ठेंगणी 'वी विली' नावाची जातही पहिल्या वर्षी फुलते, वीतभरच उंची, आणि लवकर येते. गच्चीवर वारा असेल तर मी बुटक्या जाती सुचवीन. एक गोष्ट आधीच सांगते: या नव्या जातींमध्ये रंग झगझगीत असतात, पण वास बहुतेकींना नसतो किंवा अगदी मंद असतो. जुन्या जातीचा तो लवंगी वास हवा असेल तर थंडीचा प्रश्न पुन्हा समोर येतो.

बाजाराबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. आपल्याकडे रोपवाटिकेत 'डायंथस' म्हणून जे ट्रेने विकतात, ते बहुतेक चायना पिंक असतं. तेही गोड फूल आहे, पण स्वीट विल्यम नव्हे. चायना पिंकचं पान अरुंद, थोडं राखाडी झाक असलेलं, आणि फुलं सुटी-सुटी. स्वीट विल्यमचं पान रुंद, भाल्यासारखं, मधली शीर ठळक, आणि फुलं एका दांड्यावर सपाट थाळीसारख्या गुच्छात. ओळखायची नेमकी खूण कळीच्या वेळी दिसते. कळ्यांच्या आधी त्यांच्याखालून बारीक, टोकदार हिरव्या पात्या केसांसारख्या बाहेर येतात. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ मध्ये याला 'डायंथस बार्बाटस' असं नाव दिलं; बार्बाटस म्हणजे दाढीवाला. आमच्या रोपवाटिकेतल्या बायका अजूनही 'दाढी आली का?' असंच विचारतात, कारण दाढी दिसली की फूल दोन-तीन आठवड्यांवर आलेलं असतं.

दुसरी सावधगिरी: पुष्पगुच्छात कधी कधी हिरवा, शेवाळासारखा मऊ गोंडा दिसतो, 'ग्रीन बॉल' किंवा 'ग्रीन ट्रिक' नावाने. तेही स्वीट विल्यमच आहे. त्यात खरी फुलं येतच नाहीत, सगळा गोंडा त्या दाढीच्या पात्यांचाच असतो. फूल नाही म्हणजे बी नाही. त्याची रोपं फाट्यांपासून किंवा प्रयोगशाळेत ऊतीपासून करतात. त्यामुळे त्याचं 'बी' कोणी विकत असेल तर घेऊ नका.

आता वेळ. बऱ्याच गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, हे आधी मान्य करते. तुमचं घर शहरात दाटीत आहे की गंगापूर रोडसारख्या मोकळ्या बाजूला, गच्चीला सकाळचं ऊन मिळतं की दुपारचं, त्या वर्षी पाऊस कधी ओसरतो, यावर आठ-दहा दिवस मागे-पुढे होतील. पण माझा नेम असा: गणपती गेले, पितृपक्ष सुरू झाला की ट्रे धुऊन ठेवायचे, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नवरात्राच्या आसपास बी टाकायचं. १५ ऑक्टोबरनंतर मी टाकत नाही. बी टाकल्यापासून पहिल्या वर्षी फुलणाऱ्या जातींना आपल्याकडे साधारण १६ ते २० आठवडे लागतात. म्हणजे सप्टेंबरअखेरचं बी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत फुलतं. थंडीशिवाय फुलणाऱ्या जातीलाही आपली थंडी आवडतेच. या दिवसांत रोप ठेंगणं, भरदार राहतं आणि फुलाचा रंग गडद उतरतो. नोव्हेंबरमध्ये टाकलेलं तेच रोप मार्चअखेर फुलायला येतं आणि उन्हात चार दिवसांत उतरून जातं.

ऑक्टोबरच्या उकाड्याचं काय, असं तुमच्या मनात येईल. बरोबर आहे. याला उगवायला १८ ते २१ अंश आवडतात आणि नाशिकचा सप्टेंबर-ऑक्टोबर दुपारी ३० च्या वर असतो. म्हणून ट्रे गच्चीवर ठेवायचेच नाहीत. घरातली सगळ्यात गार जागा शोधा: जिन्याखाली, उत्तरेकडची बाल्कनी, मोरीजवळचा ओटा. मी ट्रे जमिनीवर, ओल्या गोणपाटावर ठेवते आणि वरून वर्तमानपत्राचा एक कागद घालते. नुसत्या गोणपाटाने जो गारवा मिळतो तो पुरतो.

बी कसं असतं ते हातात घेऊन बघा. कांद्याच्या बीसारखं काळं, पण चपटं, मध्ये थोडं फुगीर, कडेला पातळ. एका ग्रॅमला आठशे-नऊशे भरतात, त्यामुळे चिमटीत घेऊन फोकलंत की हमखास दाट पडतं. तुमच्या जूनच्या कुंडीत तेच झालं. प्रो-ट्रे, म्हणजे रोपांसाठीचा खणाखणांचा ट्रे घ्या, ९८ खणांचा असला की बरा. ट्रे नसेल तर दह्याचे प्लास्टिकचे डबे बुडाला पाच-सहा भोकं पाडून चालतात. त्यात नुसतं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), किंवा तीन भाग कोकोपीटला एक भाग चाळलेलं गांडूळखत. कोकोपीट धुणं टाळू नका; न धुतलेल्यात क्षार असतात आणि उगवलेल्या रोपाची मुळं जळतात. दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून पिळून काढा. भरलेला खण बोटाने हलका दाबा, ओल्या काडीच्या टोकाला एक बी चिकटवून खणात ठेवा, आणि वरून इतकंच कोकोपीट भुरभुरा की बी जेमतेम दिसेनासं होईल. दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. मग बारीक फवाऱ्याने पाणी.

सात ते दहा दिवसांत उगवतं. यात एक क्षण असा आहे की तिथे बहुतेक लोक चुकतात. पाचव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून बघा. निम्म्या खणांत पांढरट हिरवी कमान दिसली की कागद त्याच दिवशी काढायचा, उरलेल्यांची वाट बघायची नाही. एक दिवस उशीर झाला तरी रोपं उजेडाच्या शोधात उंच, दोऱ्यासारखी होतात, आणि अशी लांबलेली रोपं नंतर कितीही मातीची भर दिली तरी भरदार होत नाहीत. कागद काढल्यावर ट्रे उजेडात आणा, पण थेट उन्हात नाही. आठवडाभर सकाळचं आठपर्यंतचं कोवळं ऊन, मग हळूहळू वाढवत न्या.

आता तुमचं जूनचं दुखणं. बुडाशी बारीक होऊन आडवं पडणं म्हणजे रोपमर. मातीतल्या बुरशीमुळे होतं, आणि तिला तीन गोष्टी लागतात: दाट रोपं, सतत ओल, आणि कोंडलेली हवा. नाशिकच्या जूनअखेरच्या पावसात या तिन्ही फुकट मिळतात. औषधापेक्षा या तीन गोष्टी तोडणं महत्त्वाचं. एका खणात एक रोप, वरचा थर सुकल्यावरच पाणी, तेही सकाळी, आणि वारा लागेल अशी जागा. मी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळते, त्याने फरक पडतो, पण ट्रे संध्याकाळी भिजवून ठेवला तर ट्रायकोडर्मासुद्धा वाचवत नाही. एका कोपऱ्यातली दोन रोपं पडलेली दिसली तर ती आजूबाजूच्या कोकोपीटसकट चमच्याने उचलून बाहेर टाका. तिथल्या तिथे थांबतं.

इथवरचं एकदा जोडून बघा: जात पहिल्या वर्षी फुलणारी, पेरणी सप्टेंबरअखेर, ट्रे गार जागी, एका खणात एक बी, आणि उगवताच उजेड. या पाच गोष्टी साधल्या की माझ्या अनुभवात शंभरातली ऐंशी रोपं कुंडीपर्यंत पोचतात. पुढचं काम तुलनेने सोपं आहे.

पाच-सहा आठवड्यांनी, दिवाळीच्या पुढे-मागे, रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या येतात आणि खणाच्या बुडातून पांढरी मुळं डोकावतात. तेव्हा कुंडीत लावा. आठ इंची कुंडीत एक, बारा इंचीत तीन. जमिनीत लावायचं तर बुटक्या जाती २० सेंटिमीटरवर, उंच जाती ३० वर. दाटी केली की खालच्या पानांवरची ओल सुकत नाही आणि तांबेरा येतो.

मातीबद्दल नाशिककरांना एक सांगणं. तुमच्याकडची काळी माती पिकाला सोनं असेल, पण कुंडीत हे झाड तिच्यात गुदमरतं. चुनखडीची याला भीती नाही. उलट डायंथसच्या कुळाला आम्ल मातीपेक्षा किंचित चुनखडीची माती मानवते. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या मध्ये असला की हे खूष. अडचण निचऱ्याची आहे. दक्षिण युरोपातल्या डोंगरउतारांवरचं हे झाड आहे, तिथे पाणी येतं आणि वाहून जातं. म्हणून मी पोयटा माती दोन भाग, जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घेते. पाणी घातल्यावर अर्ध्या मिनिटात बुडाच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे. तेवढं आलं नाही तर वाळू वाढवा. लावताना रोप ट्रेत होतं त्याच खोलीवर ठेवा. टोमॅटो-वांग्यासारखं बुड खोल पुरायची सवय असेल तर इथे ती सोडावी लागेल, कारण पुरलेल्या देठाला इथे कूज लागते.

शेंडा खुडायचा का, हा प्रश्न मला दर हंगामात येतो. वेळेवर पेरलेल्या उंच जातीचा शेंडा पानांच्या सहा जोड्यांवर एकदा खुडला तर फुटवे जास्त निघतात, पण फुलं दोन आठवडे लांबतात. नाशिकला फेब्रुवारीअखेर ऊन चढायला लागतं, ते दोन आठवडे महाग पडतात. म्हणून मी घरगुती बागेत खुडू नका असंच सांगते. बुटक्या जाती स्वतःच फुटतात.

खताचं तुम्ही विशेष विचारलंत. लावल्यानंतर तीन आठवड्यांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, एवढं पुरे. दाढी दिसली की नत्र थांबवा आणि ०:५२:३४ हे नत्र नसलेलं स्फुरद-पालाशाचं खत तेवढ्याच मात्रेत दोनदा द्या. रासायनिक नको असेल तर दर तीन आठवड्यांनी कुंडीला मूठभर गांडूळखत. फुलं थोडी उशिरा येतात पण येतात. नत्र जास्त झालं तर दांडे लुसलुशीत होतात, गुच्छाच्या वजनाने वाकतात आणि मावा धरतो. फूल येत नाही म्हणून युरियाची चिमूट टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने पानं वाढतात आणि कळी आणखी लांब जाते.

ऊन दिवसातून किमान पाच-सहा तास हवं. पूर्वेची गच्ची उत्तम. पश्चिमेचीच असेल तर फेब्रुवारीच्या मध्यानंतर दुपारपुरती ५० टक्क्यांची हिरवी जाळी ओढा, फुलं दोन-तीन आठवडे जास्त टिकतात.

रोगांत दोनच गोष्टींकडे लक्ष ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दव पडतं, तेव्हा पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. ती पानं तोडून घराबाहेर टाका, पाणी पानांवर न घालता झारीने बुडाशी द्या, आणि पसरत असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी गार वेळेला फवारा. कडक उन्हात गंधक मारलं तर पानं भाजतात. मार्चमध्ये पानं निस्तेज, बारीक ठिपक्यांची आणि खाली जाळी दिसली तर तो लाल कोळी. त्याला पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस दिला तरी घरच्या पाच-दहा कुंड्यांत भागतं.

गुच्छ कापायचा तर त्यातली पाच-सहा फुलं उमलल्यावर, सकाळी, दांडा गाठीच्या वर कापा. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि पाणी एक दिवसाआड बदला. फुलदाणीत आठवडाभर सहज राहतो, थंडीत त्याहून जास्त. कापल्यावर खालच्या गाठींतून बारीक फुटवे येतात आणि मार्चमध्ये छोटे गुच्छ मिळतात. पूजेत ठेवायलाही हरकत नाही, आमच्या घरी ठेवतो. पानं मात्र मांजराने किंवा लहान मुलांनी चघळू नयेत, त्यात सॅपोनिन असतं, पोट बिघडतं.

बी धरायचं का? नव्या संकरित जातींचं धरू नका, पुढच्या पिढीत उंची आणि रंग सगळे विस्कटतात. जुन्या जातीचं जरूर धरा. याच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे परागकण दुसऱ्या फुलाचे येतात आणि दोन रंग शेजारी असले की फुलपाखरं त्यांची सरमिसळ करतात. माणसानेही हे फार पूर्वी केलं आहे. लंडनचा रोपवाटिकाकार थॉमस फेअरचाइल्ड याने १७१७ च्या सुमारास स्वीट विल्यमचे परागकण कार्नेशनवर घातले आणि जाणूनबुजून केलेला पहिला नोंदलेला वनस्पतिसंकर तयार झाला. त्याला बी धरत नसे, म्हणून लोक त्याला फेअरचाइल्डचं खेचर म्हणत. रोपं विकून पोट भरणाऱ्या माणसाने हे केलं, याचं मला फार अप्रूप आहे. तर, फुलं सुकल्यावर गुच्छ झाडावरच वाळू द्या. बोंडाचं टोक चार दातांनी उघडतं, आत काळं बी दिसतं, आणि गुच्छ उलटा करून कागदावर झटकला की खळखळून पडतं.

शेवटी तुमचं अर्धं पाकीट. ते थंडी मागणारं आहे असं गृहीत धरून तीन वाटा सांगते. पहिली वाट फ्रिजची, ती मी सुचवत नाही. बी फ्रिजमध्ये ठेवून मग पेरलं की थंडीचं काम होतं, असं कोणी सांगेल. गव्हासारख्या पिकाच्या ओलावलेल्या दाण्याला थंडी देता येते, पण स्वीट विल्यम कांद्या-कोबीसारखं आहे, त्याचं वाढलेलं हिरवं रोपच थंडी मोजतं. फ्रिज बी टिकवायला चांगला, तेवढ्यासाठीच वापरा. मी एकदा वाढलेली रोपंही जुन्या फ्रिजमध्ये ट्यूब लावून आठ आठवडे ठेवून पाहिली. निम्मी कुजली, उरलेल्यांना फुलं आली. घरी करण्यासारखं ते काम नाही. दुसरी वाट म्हणजे पंधरा-वीस बिया ऑगस्टच्या मध्यावर, पाऊस लागणार नाही अशा गॅलरीत ट्रेमध्ये टाका. डिसेंबरात रोपं तळहाताएवढी झालेली असतील. तेव्हा त्या कुंड्या रात्री उघड्यावर आणि दुपारी सावलीत ठेवा, म्हणजे कमावलेली थंडी टिकेल. कडाक्याचं वर्ष असलं तर फेब्रुवारीअखेर काहींना दाढी येईल. नाही आली तर त्यांना उन्हाळाभर पूर्वेच्या सावलीत जगवायचा प्रयत्न करून बघा. माझी सहा रोपं अशीच फुलली होती.

तिसरी वाट साठवणीची: उरलेलं बी काचेच्या बाटलीत, सिलिका जेलची पुडी टाकून, घट्ट झाकणाने फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार वर्षं चालतं. आणि लेक पुढच्या वेळी आली की त्यातलं चमचाभर तिच्याबरोबर परत पाठवा. तिने ते जूनमध्ये अंगणात टाकलं की पुढच्या मेअखेर तिच्याकडे फुलेल. तोवर तुमची 'डॅश' किंवा 'वी विली' फेब्रुवारीत नाशिकला फुलून गेलेली असेल. पहिली दाढी दिसली की फोटो पाठवा; पानाचा खालचा भागही दिसू दे, म्हणजे तांबेरा नाही ना तेही बघून सांगेन.